‘रात्री टाकतो’ म्हणजे चुकारा नव्हे

राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यावर, मी दिवाणजी आहे. कापसाचा काटा झाला, वजन-भावाची पट्टी फाटली, की शेतकऱ्याचा चुकारा करणं, म्हणजे मालाचे पैसे देणं, हे माझं काम. ते आधी चेकबुकावर व्हायचं, आता संगणकावर होतं. मधली वर्षं मी टेबलाच्या या बाजूला बसून पाहिली आहेत. घरी कापूस पिकतो म्हणून टेबलाच्या त्या बाजूचंही थोडंफार कळतं. चेक गेला आणि खात्यात पैसे यायला लागले, एवढंच सांगून लोक पुढे जातात. पण या बदलात शेतकऱ्याच्या हातून एक गोष्ट सुटली आहे, पैसे येणं असल्याचा सहीचा पुरावा, आणि ती त्याने पुन्हा धरून ठेवावी म्हणून हे लिहितो आहे.

चेकच्या काळात दिवाळीपासून होळीपर्यंत आमची संध्याकाळ चेक लिहिण्यात जायची. नाव, अंकी रक्कम, अक्षरी रक्कम, तारीख, डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आणि त्यांत ‘अकाउंट पेयी’. मग तेच सगळं खतावणीत. शेवटी मालकांची सही. बाहेर गाड्या उभ्या, शेतकरी ओट्यावर बसलेले. नावाचा घोळ रोजचा. सातबाऱ्यावर नुसतं ‘महादेव’, पासबुकात ‘महादेवराव’, मतदान कार्डावर आडनावच वेगळं लिहिलेलं. नाव जुळलं नाही तर बँक चेक घेत नसे, म्हणून आम्ही आधी पासबुक पाहायचो आणि मगच पेन उचलायचो.

चेक हातात पडल्यावर खरा प्रवास सुरू व्हायचा. आमची बँक तालुक्याला, शेतकऱ्याची बँक दुसऱ्याच गावाला. तिथं टाकलेला चेक पाकिटातून फिरून वटेपर्यंत आठवडा, कधी पंधरवडा जायचा. मग सीटीएस आलं. त्यात चेकचा कागद जिथे टाकला तिथेच राहतो आणि त्याचं चित्र पुढे जातं. ही व्यवस्था 2008 मध्ये दिल्लीत सुरू झाली, पण देशातल्या सगळ्या शाखांपर्यंत पोचायला 2021 उजाडलं. ज्याला बी-बियाण्याची उधारी उद्याच चुकवायची आहे, तो एवढा थांबणार कसा? मग तो बेअरर चेक, म्हणजे जो घेऊन जाईल त्याला नगदी मिळणारा चेक, मागायचा आणि गावातल्या एखाद्या दुकानदाराकडे तो मोडायचा. दुकानदार शेकड्यामागे आपलं काही कापून उरलेले नगदी द्यायचा. आपल्याच मालाचे पैसे आपणच सूट देऊन विकत घ्यायचे, असा तो व्यवहार होता. मला तो कधीच पटला नाही.

काही लोक उलटं करायचे. चेक ट्रंकेत जपून ठेवायचे, पोरीच्या लग्नाच्या वेळी टाकू म्हणून. 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली, हे गावात कुणी दवंडी पिटून सांगितलं नव्हतं. शिळे झालेले चेक घेऊन लोक उन्हाळ्यात यायचे. आम्ही ते बदलून द्यायचो. सगळ्याच ठिकाणी बदलून मिळत होते असं नाही.

आणि पुढच्या तारखेचा चेक! हंगाम तेजीत असला, बाजारात पैसा तंग असला, की काही व्यापारी महिनाभर पुढची तारीख टाकून चेक देत. माल आज गेला, भाव आजचा, पैसे महिन्यानं. तो चेक परत आला तर कायदा शेतकऱ्याच्या बाजूने आहे. चलनक्षम दस्तऐवज कायदा 1881 चा आहे आणि त्यातलं 138 वं कलम त्यासाठीच आहे. पण बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची, समोरच्याला 15 दिवस द्यायचे, त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार करायची, हे सगळं डोक्यावर तूर सोंगणीला आलेली असताना कोण करणार? तरीही तो कागद त्याच्याकडे असायचा. देणाऱ्याची सही, रक्कम आणि तारीख असलेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र कापसाच्या ऐन आवकीत आली. दुसऱ्या दिवशी फाटकावर गाड्या होत्या आणि गल्ल्यातल्या नोटा चालत नव्हत्या. 14 तारखेला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायची बंदी आली. आमच्याकडे बहुतेकांचं खातं जिल्हा बँकेतच. त्या दिवसांत बाजारात एकाच कापसाचे दोन भाव बोलले जात होते, चेकचा एक आणि नगदीचा दुसरा. नगदीवरच चालणारे कितीतरी जण तेव्हा पहिल्यांदा चेक घेऊन बँकेच्या पायरीवर गेले. चेकबुकं संपली, नवी यायला वेळ लागला, बँकेत रांगा लागल्या. त्या हंगामानंतर मालकांनी ठरवलं, की पुढच्या वर्षीपासून चुकारा थेट खात्यात, एनईएफटीनं, म्हणजे संगणकावरून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवून.

ठरवणं सोपं होतं. पहिल्याच गाडीवरच्या काकांनी हात जोडले.

“दिवाणजी, खात्यात नोका टाकू. बँकवाले कापून घेतेत. मले चेकच द्या. चेक माह्या हातात रायते, मी पाह्यजे तवा टाकतो.”

शहरातल्या माणसाला वाटतं, शेतकऱ्याला तंत्राची भीती वाटते. आमच्याकडे भीती होती ती कर्जाची. पीककर्ज थकलेलं असलं आणि चुकारा त्याच बँकेत पडला, तर तो हाताला लागेल की नाही, हा प्रश्न होता. चेक असला तर तो कुठल्या खात्यात टाकायचा, कधी टाकायचा, हे शेतकरी ठरवायचा. खात्याचा नंबर एकदा आमच्याकडे दिला, की ते ठरवणं त्याच्या हातून जातं. काकांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मी त्यांना तसंच सांगितलं.

म्हणून आम्ही काम उलट टोकानं सुरू केलं. माल यायच्या आधी खाती तयार. दसऱ्याच्या सुमारास, बायका शेतात सीतादहीची पूजा करून वेचणीला लागतात त्याच्या आगेमागे, मी गावोगावी जाऊन नोंदवही भरायला लागलो. पासबुकाचं पहिलं पान, आधार, सातबारा, मोबाईल नंबर. आणि सगळ्यात वर एक प्रश्न: हे खातं बचतीचं आहे की केसीसीचं? किसान क्रेडिट कार्डाचं खातं म्हणजे कर्जाचं खातं. त्याचंही पासबुक असतं, त्यावरही नंबर असतो, आणि घरात दोन पासबुकं असली की हाताला लागतं ते पुढे केलं जातं. बाजूच्या गावातल्या एका आजोबांनी दुसऱ्या एका व्यापाऱ्याला असाच नंबर दिला. सगळा चुकारा कर्जात जमा झाला. कर्ज फिटलं, नवं मिळेलही, पण ते मिळेपर्यंत घरात मजुरी द्यायला पैसा नव्हता. वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर आपल्या राज्यात व्याज पडत नाही, म्हणून कर्ज फेडावंच, असं मी प्रत्येकाला सांगतो. फक्त कधी आणि किती फेडायचं ते त्यानं ठरवावं. कापूस विकायला काढलेल्या दिवशी ते आपसूक ठरून जाऊ नये.

नोंदवहीतल्या बारीक गोष्टी मी जरा सविस्तर सांगतो, कारण अडतं तिथंच.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, 11 अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं. झेरॉक्सवर ते इंग्रजी ओ सारखं दिसतं. ही चूक निदान बँकेची प्रणाली पकडते. खाते नंबर चुकला तर मात्र फार वाईट, कारण एनईएफटीत पैसे नंबरावर जमा होतात, नावाचा ताळमेळ पाहिला जाईलच असं नाही. समजा चुकलेला नंबर दुसऱ्या कुणाचा निघाला, तर पैसे त्याच्या खात्यात. म्हणून नव्या माणसाला आधी 1 रुपया पाठवायचा आणि तो पोचल्याची खात्री झाली की मगच बाकीची रक्कम, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2024 मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं, की पैसे पाठवणाऱ्याला आधी समोरच्या खात्यावरचं नाव दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी 1 एप्रिल 2025 ची मुदत दिली. ही सोय आधी आली असती तर कितीतरी लोकांची धावपळ वाचली असती. ज्यांच्या बँकेच्या पडद्यावर नाव दिसतं त्यांनी ते शेतकऱ्याला वाचून दाखवावं आणि मगच बटण दाबावं.

एकदम पन्नास जणांची यादी बँकेला पाठवायची तर ती एक्सेलमध्ये करतात. एक्सेल 15 अंकांपर्यंतच आकडा नीट धरतो. 16 अंकी खाते नंबर तसाच टाकला की शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, आणि ज्या नंबराच्या सुरुवातीला शून्य आहे तिथलं शून्य उडतं. नंबर टाकायच्या आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा लागतो. नव्या पोरांना कामावर घेतलं की मी पहिलं हेच शिकवतो.

बँका एकमेकींत मिसळल्या की कोड आणि पासबुकं बदलू शकतात. 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या, तेव्हा आम्ही त्या खातेदारांची पानं नोंदवहीतून काढून पुन्हा तपासायला घेतली.

आणि पैसे परत का येतात? बहुतेक वेळा खातं झोपलेलं असतं. दोन वर्षं खातेदारानं एकही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय धरलं जातं. दुसरं कारण लोकांना माहीतच नसतं. जनधनच्या सुरुवातीला पूर्ण कागदपत्रांशिवाय जी ‘छोटी खाती’ उघडली गेली, त्यांत एका वेळी 50,000 रुपयांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात 1 लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाहीत. दोन एकरांचा कापूस विकला तरी ही हद्द ओलांडली जाऊ शकते. आधार-पॅन देऊन केवायसी पूर्ण केली की मर्यादा उठते. ते काम सप्टेंबरात करावं. डिसेंबरात बँकेत उभं राहायला जागा नसते.

आता पाठवण्याचं. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालतं, दर अर्ध्या तासाला एक खेप निघते. 2 लाखांच्या वर असेल तर आरटीजीएस, ही मोठ्या रकमा पाठवायची सोय, तेही 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास. पैसे जमा होऊ शकले नाहीत तर एनईएफटीत समोरच्या बँकेनं दोन तासांच्या आत परत पाठवायचे असतात. म्हणजे संध्याकाळी काटा झाला, लगेच पाठवले, तर गाडी घरी पोचायच्या आत पैसे खात्यात पडायला हरकत नाही. आमच्याकडे मी रकमा भरतो आणि मालक त्यांच्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीनं मंजुरी देतात. मालक लग्नाला नागपूरला असले तरी काम थांबत नाही. चेकच्या काळात सहीसाठी गाड्या रात्रभर थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. ही सोय फार मोठी आहे.

पण पैसे आले हे शेतकऱ्याला कळायचं कसं? “मोबाईल पोराकडं रायते, अन् पोरगा पुण्याले,” असं एका मावशींनी सांगितलं. त्यांच्यासाठी मी पट्टीच्या मागे शिक्का मारायला सुरुवात केली. वजन, भाव, एकूण रक्कम, खात्याचे शेवटचे चार अंक, पाठवल्याची वेळ आणि यूटीआर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला नंबर. एनईएफटीचा यूटीआर 16 अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा 22. हा नंबर हातात असला की आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन विचारता येतं, पैसे कुठे आहेत. काउंटरवरच्या माणसाला त्यावरून शोधता येतं.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या कागदाबद्दल.

व्यापारी म्हणतो, “काका, तुम्ही निघा, रात्री टाकतो.” गाडी रिकामी होऊन निघून जाते. पूर्वी निदान पुढच्या तारखेचा का होईना, सहीचा चेक खिशात असायचा. आता खिशात काहीच नसतं. कच्च्या चिठ्ठीवर वजन आणि भाव असतो, सही नसते, कधी फर्मचं नावही नसतं. पैसे आलेच नाहीत तर 138 कलम लागत नाही, कारण चेकच नाही. बाजार समितीच्या आवारात व्यवहार झाला असेल तर समितीकडे दाद मागता येते, पण खेड्यावर येऊन घरून माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या बाबतीत तेवढाही आधार उरत नाही. ऑनलाइनचा वेग चांगलाच आहे, त्यानं पुढच्या तारखेची खोड मोडायला हवी होती. काही ठिकाणी झालं उलटं. उधारी तशीच राहिली, तिचा पुरावा तेवढा गेला.

म्हणून माझं सांगणं एवढंच, आणि ते मी आमच्या फाटकावरही सांगतो: यूटीआर मिळाल्याशिवाय गाडी हलवू नका. काही कारणानं पाठवायला उशीर होणार असेल, तर फर्मच्या नावाची, शिक्का-सहीची पक्की पट्टी घ्या. तीवर ‘रक्कम देणे बाकी’ असं लिहून घ्या. तेही नको म्हणत असेल तर सरळ चेक मागा. चेक अजून चालतोच. 4 ऑक्टोबर 2025 पासून तर टाकलेल्या चेकचं चित्र दिवसभर पुढे जात राहतं आणि देणाऱ्या बँकेला त्याच संध्याकाळी 7 पर्यंत हो की नाही कळवावं लागतं. पूर्वीचा पंधरवड्याचा चेक आता राहिला नाही. चेक मागितला म्हणून कुणी तुम्हाला मागासलेलं म्हणालं तर म्हणू द्या.

सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावरचं गणित थोडं निराळं आहे. तिथे हमीभाव मिळतो, 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला 8,110 आणि मध्यम धाग्याला 7,710 रुपये क्विंटल. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर माल घेत नाहीत. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, पासबुक कुठलंही दाखवलं तरी. आधार एकाच वेळी दोन-तीन बँकांत दिलेलं असतं, पण पैसे येण्यासाठी जोडणी एकाच खात्याला असते, आणि शेवटी जिथे जोडणी झाली ते खातं धरलं जातं. कुणीतरी बाजारात टेबल टाकून फुकट खातं उघडून देतो, त्या अर्जावर एक खूण असते, आणि जोडणी तिकडे सरकते. मग माणूस जुन्या बँकेत रोज पासबुक भरून पाहतो आणि पैसे भलत्याच बँकेत पडून असतात. कुठली बँक जोडलेली आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, सेतूवाला मिनिटभरात पाहून देतो. सीसीआयला कापूस देण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायच्या आधी हे पाहून घ्यावं.

अजून एक, थोडक्यात. हंगामात “तुमचा चुकारा अडकला आहे, ओटीपी सांगा” असे फोन येतात. खात्यात पैसे येण्यासाठी ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कुठली लिंक दाबावी लागत नाही. कुणी फसलंच तर लगेच 1930 वर फोन करावा.

राहता राहिली वेचणी. शेतकऱ्याच्या खात्यात पैसे आले तरी वेचणीच्या बायांना किलोमागे मजुरी द्यायची असते, आणि ती बाजाराच्या दिवशी नगदी लागते. गावातल्या बँकेच्या सेंटरवर अंगठा लावून एका वेळी 10,000 रुपयेच निघतात. कापूस वेचून, निंदण करून बोटं इतकी झिजलेली असतात की यंत्राला ठसाच उमटत नाही. म्हणून आम्ही शेतकऱ्यानं मागितलं तर चुकाऱ्यातले थोडे पैसे फाटकावर नगदी देतो, बाकीचे खात्यात, आणि पट्टीवर दोन्ही आकडे वेगवेगळे लिहितो.

अलीकडे काही शेतकरी मजुरी फोनवरून पाठवतात. चांगलं आहे, पण बाईच्या घरात फोन असतो तो पोराकडे किंवा नवऱ्याकडे, आणि दिवसभर वाकून वेचलेल्या कापसाची मजुरी त्याच्या खात्यात जाते. मला हे अजिबात बरोबर वाटत नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हापासून गावातल्या बहुतेक बायांची स्वतःची, आधार जोडलेली चालती खाती आहेत. फोनवरच्या ॲपमधूनच थेट खाते नंबर आणि आयएफएससी टाकून पैसे पाठवता येतात, समोरच्याकडे फोन असण्याची गरज नसते. शेतकऱ्यांनी वेचणीवाल्या बायांचे खाते नंबर एकदा लिहून घ्यावेत आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पाठवावेत. सकाळी गर्दी व्हायच्या आत त्या सेंटरवरून काढू शकतात. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी आमच्या फाटकावर यावं, पहिल्या वेळी मी बसून करून देतो.